गॉगल आधी नीट बसू द्या, पट्टा मग ओढा

उन्हाळी सुट्टी लागली की मराठवाड्यात जलतरण तलावांवर सकाळ-संध्याकाळच्या तुकड्या भरतात आणि गावोगावच्या विहिरींवर पोरांची झुंबड उडते. या वेळी आलेल्या पत्रांत मोठा गठ्ठा पोहण्याच्या गॉगलबद्दलचा आहे. बहुतेकांची तक्रार पाणी शिरण्याची आणि वाफ धरण्याची. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माझी मुलगी ९ वर्षांची आहे. शिबिरासाठी घेतलेल्या गॉगलमध्ये नाकाच्या बाजूने सतत पाणी शिरतं. पट्टा आवळला तर डोळ्यांभोवती लाल वर्तुळं उठतात आणि डोकं दुखतं म्हणते. दुकानदार म्हणतो, अजून घट्ट करा. काय करावं?
— एक आई, लातूर

आणखी घट्ट करू नका, गॉगल बदला. पाणी अडवायचं काम काचेभोवतीची मऊ कड करते. पट्टा गॉगलला फक्त जागेवर धरून ठेवतो. कड चेहऱ्याच्या वळणाशी जुळत नसेल, तर पट्टा आवळल्यावर ती एका जागी दबते आणि दुसऱ्या जागी उचलली जाते. फट बुजत नाही, नुसती जागा बदलते. शिवाय भुवईच्या वरच्या भागातल्या नसांवर सतत दाब आला की डोकं दुखतं. मुलीची तक्रार अगदी खरी आहे.

दुकानात गॉगल असा तपासा. चेहरा कोरडा करा, तेल किंवा सनस्क्रीन लावलं असेल तर पुसा, कपाळावरचे केस मागे घ्या. पट्टा डोक्यामागे न नेता पुढेच लोंबता राहू द्या. दोन्ही वाट्या डोळ्यांवर टेकवा, बोटांनी हलकं दाबा आणि हात सोडा. कडेने थोडी हवा ओढून धरून गॉगल ३ ते ५ सेकंद आपोआप चिकटून राहिला, तर माप जुळलं. लगेच गळून पडला, तर तो कितीही नावाजलेल्या कंपनीचा असो, या चेहऱ्यासाठी नाही. फक्त एकच डोळा सुटत असेल तर त्या बाजूची कड दुमडली आहे का ते बघून पुन्हा एकदा लावा.

चिकटल्यावर आणखी दोन गोष्टी बघा. कड डोळ्याच्या खोबणीच्या हाडावर, म्हणजे वर भुवईच्या खाली आणि खाली गालाच्या हाडाच्या काठावर टेकली पाहिजे, पापणीवर नाही. मुलीला डोळ्यांची उघडझाप करायला सांगा. पापण्यांचे केस काचेला लागत असतील तर वाटी उथळ आहे. मग तिला हसायला आणि तोंड मोठं उघडून श्वास घ्यायला सांगा. पोहताना प्रत्येक श्वासाला गाल वर सरकतो, आणि नेमक्या त्या क्षणी खालून पाणी येतं.

तुमची अडचण नाकाजवळची आहे, म्हणजे बहुधा दोष दोन वाट्यांमधल्या नाकपट्टीत. ती लांब असेल तर वाट्या एकमेकींपासून दूर राहतात आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी फट पडते. आखूड असेल तर वाट्या नाकाच्या भिंतीवर चढतात, नाक चिमटल्यासारखं होतं आणि बाहेरच्या बाजूने, कानशिलाकडून पाणी येतं. काही गॉगलना एकसंध सिलिकॉनची नाकपट्टी असते, तिचं माप बदलता येत नाही. काहींना खाचांची पट्टी असते, ती खाच-खाच सरकवता येते. काहींच्या डबीत ३ किंवा ४ वेगवेगळ्या मापांच्या नाकपट्ट्या येतात. मुलीचं नाक बारीक असेल तर हा शेवटचा प्रकार घ्या आणि सगळ्यात लहान पट्टीपासून सुरुवात करा. पाकिटावर ज्युनिअर किंवा ६ ते १४ वर्षं असं लिहिलेलं असावं. मोठ्यांचा गॉगल ‘पुढं दोन वर्षं चालेल’ म्हणून घेऊ नका. चपलेत तसं चालून जातं. इथे आजच पाणी शिरतं, आणि पाण्याला भ्यायलेलं मूल शिकणं सोडून देतं.

पट्टा डोक्याच्या मागच्या सगळ्यात फुगीर भागावर, कानांच्या वरून जावा. मानेकडे उतरला तर वरची कड सैल पडते. दोन फाट्यांचा पट्टा असेल तर फाट्यांमध्ये दोन-तीन बोटांचं अंतर ठेवा. पट्ट्याखाली एक बोट सहज सरकलं पाहिजे. टोपीची कड किंवा केसांची एखादी बट वाटीच्या कडेखाली अडकली तरी पाणी येतं, तेव्हा आधी ते तपासा. आणि डोळ्यांत काजळ घालून पाठवू नका. ते कडेवर लागून ती सुळसुळीत होते आणि पाण्यात मिसळून डोळेही चुरचुरतात.

एक सवय मात्र पहिल्याच दिवशी लावा. गॉगल काढताना वाट्या पुढे ओढायच्या नाहीत. ओल्या बोटांतून वाटी निसटली तर ताणलेला पट्टा तिला सणकन डोळ्यावर आदळतो, आणि त्याने डोळ्याला गंभीर इजा झालेली आहे. पट्टा मागून दोन्ही अंगठ्यांनी उचलायचा आणि डोक्यावरून पुढे आणायचा. घालताना उलट : आधी वाट्या डोळ्यांवर, एका हाताने त्या धरून मग पट्टा मागे.

प्रश्न : लहान मुलांसाठी नाकही झाकणारा मोठा मास्क मिळतो. तो जास्त चांगला का?
— एक पालक, जालना

पाण्यात खेळण्यापुरता ठीक. पोहायला शिकायचं असेल तर नाही. पोहण्याचा पहिला धडा म्हणजे पाण्यात नाकाने हवा सोडणं, आणि मास्कमध्ये तो शिकताच येत नाही. गॉगल घेतला तरी रोज पाच मिनिटं गॉगलशिवाय पोहू द्या. कधी गॉगल निसटला तर मुलाने न घाबरता काठ गाठला पाहिजे.

प्रश्न : मला दोन्ही डोळ्यांना उणे ३.५ नंबर आणि उणे १ सिलिंड्रिकल आहे. चष्मा काढला की तलावावरचं घड्याळही दिसत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स घालून वरून गॉगल लावला तर चालेल का?
— पदवीचा विद्यार्थी, परभणी

लेन्स घालून पोहू नका. तलाव, विहीर, नदी, अगदी नळाच्या पाण्यातही अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. तो लेन्सला चिकटतो, लेन्सखाली अडकून राहतो आणि बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात शिरला तर उपचार महिनोन्‌महिने चालतात. काहींची दृष्टीही जाते. गॉगल घातला म्हणून धोका संपत नाही, कारण थोडं पाणी कधी ना कधी शिरतंच. डॉक्टरांनी काही कारणाने परवानगी दिलीच, तर फक्त एक दिवस वापरून टाकायच्या लेन्स घाला आणि पाण्याबाहेर आल्यावर लगेच काढून फेकून द्या.

तुमच्यासाठी नंबरचा गॉगल हा सरळ उपाय आहे. तयार गॉगल साधारण उणे १.५ पासून उणे ८ पर्यंत, अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने मिळतात. त्यांत फक्त मुख्य (गोलाकार) नंबर असतो, सिलिंडर, म्हणजे डोळ्याचा वक्र सगळीकडे सारखा नसला की लागणारा दुसरा नंबर, नसतो. म्हणून हिशेब असा करायचा : सिलिंडरच्या नंबरचा निम्मा भाग मुख्य नंबरात मिळवायचा. तुमचं उणे ३.५ आणि उणे १ चा निम्मा उणे ०.५, मिळून उणे ४. म्हणजे उणे ४ चा गॉगल. हिशेब दोन टप्प्यांच्या मध्ये आला, समजा उणे ४.२५, तर कमी नंबर घ्या. तलावात लांबचं म्हणजे फार तर ५० मीटरवरचं बघायचं असतं. जास्त नंबराने डोळ्यांवर उगीच ताण येतो. सिलिंडर उणे २ च्या पुढे असेल तर हा हिशेब तोकडा पडतो. मग चष्म्याच्या दुकानातून तुमच्या नंबरच्या काचा बसवून देणारा गॉगल मागवावा लागतो, आणि तो बराच महाग पडतो.

दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असतील तर दोन्ही वाट्या सुट्या विकणारं मॉडेल शोधा. डावी-उजवी वाटी, नाकपट्टी आणि पट्टा वेगवेगळे येतात, घरी जोडायचे असतात. मागवण्याआधी कडेच्या मापाची चाचणी त्याच मॉडेलच्या साध्या गॉगलवर करून घ्या. नंबर बरोबर आणि कड चुकीची असा गॉगल घेऊन उपयोग नाही.

पाण्यात हा नंबर बदलेल का, असं पुष्कळांनी विचारलं आहे. नाही. नंबरचा वक्र काचेच्या आतल्या, हवेच्या बाजूला असतो आणि बाहेरची बाजू सपाट असते, म्हणून पाण्याखाली आणि पाण्यावर नंबर तोच राहतो. उघड्या डोळ्यांनी पाण्यात सगळ्यांनाच धूसर दिसतं, त्याचं कारण वेगळं आहे. डोळ्यात शिरणारा प्रकाश सगळ्यात जास्त वळतो तो बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर. पण त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळवतो ते दाखवणारा आकडा, १.३७६ आणि पाण्याचा १.३३. दोन्ही जवळपास सारखे, त्यामुळे पाण्यात प्रकाश तिथे जवळजवळ वळतच नाही. गॉगलमुळे डोळ्यापुढे हवेचा थर परत येतो आणि डोळा नेहमीसारखं काम करतो. मात्र पाण्यातली वस्तू खऱ्या अंतराच्या सुमारे पाऊणपट अंतरावर दिसते. समोरची भिंत ४ मीटरवर असेल तर ३ मीटरवर भासते. नवीन गॉगल घालून पहिल्यांदा भिंतीशी वळताना पाय पोचत नाही तो यामुळेच. आठवडाभर सरावाने अंदाज बसतो.

प्रश्न : पाच मिनिटं पोहलं की काचेवर वाफ धरते. नवा असताना असं होत नव्हतं. पुसून पुसून काचेवर चरे पडले. कुणी टूथपेस्ट सांगतं, कुणी बटाटा.
— निवृत्त शिक्षक, छत्रपती संभाजीनगर

वाफ धरण्याचं कारण साधं आहे. डोळ्यांभोवतीच्या त्वचेतून आणि डोळ्यांतल्या ओलाव्यातून उबदार दमट हवा तयार होते, काच बाहेरच्या पाण्याने थंड असते, आणि त्या थंड काचेवर बारीक थेंब जमतात. नव्या गॉगलच्या काचेला आतून एक थर दिलेला असतो. त्याच्यावर पाणी थेंबाथेंबाने न जमता पातळ पसरतं, म्हणून आरपार दिसतं. हा थर अतिशय नाजूक असतो. बोट, पंचा, टॉवेल, काहीही आतून फिरवलं की तो निघतो. तुमचा गॉगल नवा असताना चांगला होता आणि पुसून बिघडला, यात दोष पुसण्याचाच आहे.

चरे पडलेल्या काचेवर वाफ जास्त धरते, कारण चऱ्यांत थेंब अडकतात. टूथपेस्ट ही बारीक घासपूडच असते, ती चरे वाढवते. बटाट्याने काही काळ फरक पडेल, पण त्याचे कण कडेच्या खाचेत राहतात. दोन्ही नकोत.

गॉगल अजून बरा असेल तर हे करून बघा. लहान मुलांच्या, डोळ्यांना न झोंबणाऱ्या शांपूचा एक थेंब आणि तीन-चार थेंब पाणी तळहातावर मिसळा. करंगळीच्या टोकाने काचेच्या आतून पातळसं फिरवा, न घासता. दोन मिनिटं राहू द्या, मग तलावाच्या पाण्यात एकदाच हलकं विसळा. जास्त विसळलं तर थर निघून जातो, अजिबात विसळलं नाही तर डोळे चुरचुरतात. तासाभराच्या पोहण्याला हे पुरतं. वाफरोधक फवारा मिळतो तो कोरड्या काचेवर मारायचा, डबीवर लिहिलेला वेळ थांबायचं आणि विसळायचं. ज्या काचेचा मूळ थर अजून शाबूत आहे तिला शांपू लावू नका, नुकसान होतं.

त्याहून जास्त फरक सवयींनी पडतो. गॉगल घालण्याआधी चेहरा गार पाण्याने धुवा आणि गॉगल तलावाच्या पाण्यात बुडवून काढा, म्हणजे चेहरा आणि काच यांच्या तापमानातला फरक कमी होतो. मे महिन्यात ४२-४३ अंशांच्या उन्हातून येऊन तापलेल्या चेहऱ्यावर थेट गॉगल चढवला तर वाफ धरणारच. फेऱ्यांच्या मध्ये गॉगल कपाळावर चढवून ठेवू नका. कपाळाचा घाम आणि ऊब आत भरते. काढायचाच असेल तर हातात धरा. मध्येच वाफ धरली तर पुसू नका, दोन-चार थेंब पाणी आत घ्या, डोकं हलवून काचेवरून फिरवा आणि ओतून टाका.

प्रश्न : आमच्या विहिरीत एप्रिलमध्ये चार परस पाणी असतं. गॉगल लावून कठड्यावरून सूर मारतो, तो दर वेळी निसटतो. मागच्या उन्हाळ्यात तळातून नाणं काढून आणताना डोळे ओढल्यासारखे झाले आणि दोन्ही डोळ्यांचा पांढरा भाग लालभडक झाला. गॉगल खराब होता का?
— तरुण शेतकरी, बीड जिल्हा

गॉगल खराब नव्हता, तो या कामाचा नव्हता. पाण्यात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने, म्हणजे पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाइतका, वाढतो. चार परस म्हणजे अंदाजे ७ मीटर. तिथे दाब पृष्ठभागापेक्षा १.७ पट होतो. गॉगलच्या वाटीत अडकलेली हवा त्या दाबाने आकसू पाहते, पण वाटी कडक असल्याने आकसत नाही. मग ती कसर डोळ्यांभोवतीच्या मऊ भागावर ओढ बसून भरून निघते आणि पांढऱ्या भागावरच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. तुमचं तेच झालं. असा लाल डाग बहुधा दोन आठवड्यांत आपोआप विरतो. पण दुखलं, अंधुक दिसलं किंवा डोळ्यापुढे काळं आलं, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

पोहण्याचा गॉगल पृष्ठभागाजवळ पोहण्यासाठीच असतो. दीड-दोन मीटरखाली तो घालून जाऊ नये. खोल जायचं असेल तर नाक झाकणारा मास्क हवा. खाली जाताना नाकाने थोडी हवा मास्कमध्ये सोडली की दाब सारखा होतो. साध्या गॉगलमध्ये नाक बाहेर असतं, त्यामुळे हा मार्गच नाही. आणि बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घ्यायची पद्धत सोडा. त्याने जास्त वेळ राहता येतं असं वाटतं. प्रत्यक्षात गुदमरल्याची जाणीव उशिरा होते आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध पडू शकतो.

कठड्यावरून सूर मारताना गॉगल घालूच नका. उंचीवरून पडताना पाणी फार जोराने आदळतं. गॉगल निसटला तर ठीक, न निसटता डोळ्यांत दाबला गेला तर इजा होते. गॉगल पाण्यात उतरल्यावर घाला.

विहिरीबद्दल आणखी लिहिल्याशिवाय राहवत नाही. मे महिन्यात पाणी उतरतं. मागच्या महिन्यात सूर मारला ती जागा आता उथळ असते, कपारी आणि मोटारीचे पाइप वर आलेले असतात. आधी पायऱ्यांनी उतरून खोली बघा. विहिरीत पाणबुडी मोटार असेल तर नुसती बंद करून भागत नाही. स्टार्टरपाशी जाऊन फ्यूज काढा आणि तो खिशात ठेवा. वायरीचं आवरण खराब असेल तर पाण्यात विजेचा धक्का बसतो आणि हात-पाय आखडून पट्टीचा पोहणाराही बुडतो.

प्रश्न : माझे खेळाडू स्पर्धेच्या सुरुवातीच्या उडीत गॉगल गमावतात. महागडे गॉगल घेऊनही तेच.
— प्रशिक्षक, नांदेड

उडीत पाण्यात शिरताना डोकं वर उचललं की पाणी समोरून वाटीच्या कडेवर आदळतं आणि ती उचलते. म्हणून आधी शरीराची ठेवण बघा : हनुवटी छातीकडे, दोन्ही दंड कानांना चिकटलेले, नजर खाली. ब्लॉकवरून, म्हणजे उडी मारायच्या चौथऱ्यावरून, पुढे बघत उडी मारणाऱ्या खेळाडूचा कोणताही गॉगल टिकणार नाही.

साधनाच्या बाजूने, चेहऱ्याबाहेर कमीत कमी येणारा, खोबणीत बसणारा स्पर्धेचा गॉगल वापरा. आधी एक टोपी, तिच्यावर गॉगलचा पट्टा, त्यावर दुसरी टोपी, अशी रचना केली की पट्टा सरकत नाही. ब्लॉकवर चढल्यावर तळहाताने दोन्ही वाट्या एकदा दाबून हवा काढा. नवा गॉगल स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घालायचा नाही. किमान दोन-तीन आठवडे रोजच्या उड्यांमध्ये वापरलेला असावा.

काटकसरीत चांगला पर्याय म्हणजे स्वीडिश गॉगल. त्याला मऊ कड नसते, कडक प्लास्टिकच्या वाट्या थेट हाडावर बसतात. सुटे भाग मिळतात. नाकपट्टी म्हणजे बारीक नळीतून ओवलेला दोरा, तो खेळाडूच्या नाकाच्या मापाने स्वतः बांधायचा. दोऱ्याची गाठ नळीच्या आत जाईल असं बघा, नाहीतर नाक सोलतं. वाटीच्या काठावर साच्याची बारीक धार राहिली असेल तर बाराशे नंबरच्या पॉलिश पेपरने ओल्यावर हलकी घासून काढा. पहिल्या दिवशी टोचतो, आठवड्यात सवय होते. पण हा गॉगल सगळ्या चेहऱ्यांना बसत नाही, आणि लहान मुलांना देऊ नका.

इतकं करूनही कधीतरी पाणी शिरेलच, तेव्हा खेळाडूची त्याचीही तयारी हवी. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत अमेरिकेचा जलतरणपटू मायकल फेल्प्सचा गॉगल पाण्याने भरला. त्याला भिंत दिसत नव्हती, तरी हाताचे फटके मोजून त्याने १ मिनिट ५२.०३ सेकंदांत विश्वविक्रमासह सुवर्णपदक घेतलं. तुमच्या प्रत्येक मुलाला एका लांबीला आपले किती फटके लागतात हे तोंडपाठ असलं पाहिजे. पाठपोहणीत भिंतीआधी वर टांगलेल्या झेंड्यांपासून भिंतीपर्यंतचे फटके मोजायला शिकवता, तेच सगळ्या प्रकारांत करा. आठवड्यातून एकदा मुद्दाम गॉगलमध्ये थोडं पाणी भरून एक लांबी पोहायला लावा, काठाशी स्वतः उभं राहून.

प्रश्न : काळा, निळा, आरशासारखा, पारदर्शक. कोणता रंग घ्यावा?
— वाचक, जालना

उघड्या तलावात सकाळी ८ नंतर किंवा दुपारी पोहत असाल तर धुरकट काळी किंवा आरसाकाच. छताखाली किंवा संध्याकाळच्या दिव्यांत पारदर्शक. तिथे काळी काच घातली तर भिंत आणि समोरचा माणूस उशिरा दिसतो. गढूळ पाण्यात पिवळसर काच आकृत्या थोड्या ठळक करते. एकच घ्यायचा असेल तर फिकट निळा दोन्हीकडे चालतो. काच गडद म्हणजे अतिनील किरणांपासून जास्त संरक्षण, हा समज चुकीचा आहे. पोहण्याच्या गॉगलची काच बहुधा पॉलिकार्बोनेटची असते आणि तो पदार्थ पारदर्शक असला तरी अतिनील किरण अडवतो.

प्रश्न : गॉगलमध्ये थेंबभरही पाणी येत नाही, तरी मुलाचे डोळे लाल होतात. तलावात क्लोरीन जास्त टाकतात का? डोळ्यांत गुलाबपाणी घातलं तर चालेल का?
— गृहिणी, धाराशिव

पाणी येत नसेल तर दोन शक्यता. पहिली हवेची. तलावाजवळ जो उग्र वास येतो तो शुद्ध क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवीतल्या घटकांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात. ते पाण्यावरच्या हवेत उडतात आणि डोळे-नाक चुरचुरवतात. म्हणजे वास जास्त येणं हे बहुधा क्लोरीन अपुरं पडत असल्याचं आणि लोक आंघोळ न करता उतरत असल्याचं लक्षण. तलावावर चाचणीसंच असतो, व्यवस्थापकांकडे आकडा मागा : मोकळं (कशाशीही संयोग न झालेलं) क्लोरीन १ ते ३ पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात १ ते ३ भाग, आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचा आकडा, ७.२ ते ७.८ असावा. उघड्या तलावातलं क्लोरीन उन्हाने झपाट्याने उडतं, म्हणून ते संध्याकाळनंतर टाकतात. पहाटेच्या पहिल्या तुकडीला ते झोंबत असेल तर तुकडी बदलून बघा.

दुसरी शक्यता कडेची. लाली डोळ्यात नसून डोळ्याभोवती, कडेच्याच आकाराची आणि खाजरी असेल तर ती फोमच्या किंवा रबराच्या कडेची ॲलर्जी असू शकते. सिलिकॉनच्या कडेचा गॉगल घ्या. गुलाबपाणी घालू नका, ते निर्जंतुक नसतं. पिण्याच्या स्वच्छ पाण्याने डोळे धुवा. दुसऱ्या दिवशीही लाली, चिकटा किंवा उजेडाचा त्रास राहिला तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : वय ६२, काचबिंदूचे थेंब चालू आहेत. पोहू शकतो का?
— वाचक, छत्रपती संभाजीनगर

पोहण्याबद्दल डॉक्टरांना विचाराच, पण गॉगल दाखवूनच विचारा. खोबणीच्या आत बसणारे लहान वाट्यांचे गॉगल घातलेले असताना डोळ्यातला दाब वाढू शकतो. काचबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल तर हे फारच महत्त्वाचं. मोठ्या चौकटीचा, हाडाच्या बाहेरच्या काठावर टेकणारा, सैल पट्ट्याचा गॉगल तुलनेने बरा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर डॉक्टर सांगतील तोवर पाण्यात उतरूच नका.

प्रश्न : आमच्याकडे तलावाला बोअरचं पाणी आहे. गॉगलवर पांढरे डाग पडतात, एका हंगामात पट्टा चिकट होऊन तुटतो. किती रुपयांचा गॉगल घ्यावा आणि कसा टिकवावा?
— वाचक, हिंगोली

पांढरे डाग क्षारांचे आहेत. बोअरचं जड पाणी काचेवर वाळलं की क्षार मागे राहतात. पुसायला गेलं की तेच कण काच ओरबाडतात. तलावातून निघाल्यावर पिण्याच्या फिल्टरचं किंवा जारचं अर्धा पेला पाणी गॉगलवर ओता, झटका आणि सावलीत टांगून वाळवा. डाग पडलेच असतील तर फिल्टरच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा, मग वाहत्या पाण्याखाली धरा. लिंबू, व्हिनेगर, भांड्यांचा साबण नको.

पट्टा चिकट होणं हे बहुधा लॅटेक्स रबराचं लक्षण. क्लोरीन आणि उन्हाने ते सडतं. सिलिकॉनचा पट्टा जास्त टिकतो आणि काही मॉडेलना सुटा मिळतो. घेताना पट्टा ताणून बघा : सोडल्यावर लगेच मूळ लांबीवर आला पाहिजे. गॉगल बंद गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. उन्हात उभ्या बंद गाडीतलं तापमान ६० अंशांच्या वर जाऊ शकतं. तेवढ्यात कड वाकडी होते आणि आतला थर उकलतो. ओला गॉगल डबीत कोंडला तर कडेवर काळी बुरशी येते. पाणीटंचाईत तलाव बंद झाला तर गॉगल पूर्ण वाळवून, पट्टा सैल करून, काच खाली न टेकवता कापडी पिशवीत ठेवा.

किमतीचं म्हणाल तर साधारण ५०० ते १,००० रुपयांत सिलिकॉनची कड, सिलिकॉनचा पट्टा आणि बदलत्या नाकपट्ट्या असलेला रोजच्या पोहण्याचा चांगला गॉगल मिळतो. त्यापुढचे पैसे आरसाकाच, स्पर्धेचा आकार आणि नाव यांचे. कड कडक झाली, तिच्यावर भेगा दिसल्या किंवा दाबल्यावर ती सावकाश परत फुगू लागली, की पट्टा चांगला असला तरी गॉगल बदला.